नरेंद्र-सानची हजेरी

उपनगरातल्या कॉलेजात शिकायचं असेल तर एक गोष्ट आधी माहीत हवी. कॉलेजात स्वतः जावं लागतं. गाडी कुठली पकडायची, बूट कुठे काढायचे, डबा कधी उघडायचा, हे कुणालाही दोन दिवसांत समजतं. पण ही पहिली गोष्ट नरेंद्र उकिडवेला छत्तीस वर्षांत समजली नव्हती, आणि तो एम.टेक. होता. (एम.टेक. असूनही म्हणायचं की एम.टेक. असल्यामुळे, हे वाचणाऱ्यानं आपापल्या घरातले इंजिनिअर बघून ठरवावं.)

साल नव्व्याण्णव. एकतीस डिसेंबरला जगातले कॉम्प्युटर बंद पडणार अशी आवई उठली होती आणि त्या आवईवर नरेंद्र टोकियोत पोट भरत होता. ओजिमाच्या सरकारी वसाहतीत नवव्या मजल्यावर दोन खोल्या. त्यांत तो, बायको सुचेता, आणि ऑक्टोबरात नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेली त्याची आई, प्रभावतीबाई. वय सहासष्ट. सातवीच्या फायनलला आठवडा राहिला असताना बापानं बोहल्यावर उभं केलं, त्यामुळे जन्मात एक सर्टिफिकेट मिळालं नाही. पुढचं सगळं त्या वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकल्या, आणि बऱ्याच पदवीधरांपेक्षा जास्त शिकल्या.

नरेंद्रचे साहेब मत्सुई-सान (तिकडे बाई असो की बाप्या, नावापुढे 'सान' लावतात) एकदा म्हणाले, "नव्या वर्षात तुम्हा तिघा भारतीयांपैकी एकालाच ठेवता येईल. उकिडवे-सान, तुम्ही उपनगरातल्या नागरिक कॉलेजातला एखादा कोर्स पूर्ण केलात तर बरं होईल. लोकांत मिसळता, असं मला वर सांगता येईल."

टोकियोत साहेब 'बरं होईल' म्हणाला की तो हुकूम असतो, एवढं नरेंद्रला कळत होतं. त्यानं त्यातल्या त्यात सोपा म्हणून सोरोबानचा, म्हणजे मणी सरकवून हिशोब करायचा कोर्स निवडला आणि पोस्टानं फॉर्म पाठवला. दहा शनिवार, आठ हजेऱ्या सक्तीच्या. त्या हजेऱ्यांवर नोकरी टांगलेली. आणि शहाण्यानं केलं काय? शनिवारीच अराकावा नदीच्या काठी बंगलोरवाल्यांबरोबर क्रिकेट ठरवलं.

"आई, माझं एक काम करशील?"

"भाजी निवडायची असेल तर आण इकडे."

"कॉलेजात जाऊन बसायचंय. माझ्या नावानं."

"का? तू कुठे मेलास?"

"प्रॉक्सी गं! फक्त हजेरी लावायची. सांगलीला चार वर्षं आम्ही हेच केलं."

"आणि मी आळीभर सांगत फिरले, माझा नरेंद्र एक दिवस कॉलेज बुडवत नाही म्हणून!"

"बुडवलं कुठे? नाव रोज हजर होतं."

सुचेता शनिवारी बेकरीत अरुबाइतो, म्हणजे पार्टटाइम काम करायला जायची. ती दारातूनच म्हणाली, "अहो, आईंना पाठवताय? नऊवारीतल्या बाई नरेंद्र कशा होतील?"

"इथल्या माणसाला नरेंद्र हे बाईचं नाव की बाप्याचं, काय कळतंय?"

(हे वाक्य त्याचं खरं निघालं. तेवढं एकच.)

प्रभावतीबाईंना घरात बसून कंटाळा आला होता, म्हणून त्या निघाल्या. ओजिमाला गाडीत बसायचं आणि पाऊण तास उठायचं नाही, हा सगळा प्रवास. वर्गात सोळा म्हातारेकोतारे आणि एक नोमुरा-सेन्सेई, म्हणजे मास्तर. सेन्सेईंनी "उकिडवे नरेंद्र-सान" असं पुकारलं. पोरानं शिकवल्याप्रमाणे बाईंनी ठणकावून "हाय", म्हणजे "हजर", म्हटलं. सेन्सेईंनी फॉर्म पाहिला. त्यावर वय लिहिलं होतं छत्तीस. त्यांनी बाईंकडे पाहिलं, पुन्हा फॉर्मकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि हजेरीची खूण केली.

त्या दिवसापासून वर्ग बाईंशी फारच मायेनं वागायला लागला. शेजारच्या एक्याऐंशी वर्षांच्या साकाइ-सान दर शनिवारी पर्सिमनचं फळ सोलून द्यायच्या, बाईंना जिना चढताना हात द्यायच्या. चौथ्या शनिवारी त्यांनी तोंडाला लावायचं क्रीम आणलं. बाई ते घेऊन घरी आल्या आणि सुचेताला म्हणाल्या, "विचार गं फोन करून, हे काय मेलं मलाच का?"

सुचेतानं फोन केला, ऐकून घेतला आणि हसत जमिनीवर बसली.

"आई, त्यांना तुम्ही छत्तीस वर्षांच्या वाटता. भारतात फार हाल असतात, असं सगळ्या वर्गाचं मत झालंय."

"हाल असतात ते असली पोरं जन्माला घातल्यामुळे, म्हणावं!"

नरेंद्रनं एवढंच विचारलं, "पण हजेरी लागली ना?"

हजेरी लागत होती आणि त्याहून जास्तही काही होत होतं. सेन्सेई फळ्यावर आकडे मांडायचे, सोळा बोटं मणी सरकवायला लागायची, आणि मणी जागचे हलायच्या आत बाईंनी उत्तर लिहून पेन्सिल खाली ठेवलेली असायची. लहानपणी पाठ केलेली पावकी, निमकी, पाऊणकी, अडीचकी अजून जिभेवर होती. सव्वीसला साडेतीननं गुणायला सेन्सेईंनी सांगितलं, तर बाईंची औटकी एक्याण्णववर पोचून परतसुद्धा आली. "एवढ्याशा हिशोबाला मणी कशाला? म्हाताऱ्या माणसांना खेळणी देऊन बसवलंय," असं त्या घरी येऊन म्हणायच्या. पण एकही शनिवार चुकवला नाही. दहापैकी दहा. सेन्सेई दर आठवड्याला पहिला नंबर भिंतीवर लावायचे आणि त्यावर दर आठवड्याला एकच नाव असायचं: नरेंद्र.

डिसेंबरात सर्टिफिकेट द्यायचा समारंभ ठरला. मत्सुई-सान म्हणाले, "मी स्वतः येतो."

नरेंद्रचं तोंड पांढरं पडलं. घरी येऊन म्हणाला, "आई, शनिवारी तू घरी थांब. मी जातो."

"आणि माझं सर्टिफिकेट?"

"नाव माझंच आहे ना त्यावर?"

"गणितं मी करायची आणि पेढे तू खायचे? तुझ्या आजोबांनी माझी फायनल बुडवली, आता तू बुडव!"

"आई, नोकरीचा प्रश्न आहे!"

"मग नोकरी करणाऱ्यानं क्रिकेट खेळू नये."

शनिवारी नरेंद्र सूट घालून साहेबांबरोबर गेला. त्याला वाटलं, आई घरी आहे. आई त्याच्या आधीच्या गाडीनं निघाली होती आणि बेकरीत रजा टाकून सूनही बरोबर होती. साहेबांना घेऊन तो वर्गात शिरला तेव्हा जरीकाठी नऊवारी नेसून बाई आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. छातीवर वर्गाचा बिल्ला होता, त्यावर 'नरेंद्र'.

"उकिडवे नरेंद्र-सान!"

"हाय!"

दोन आवाज आले. दोघं उठून उभे राहिले.

सेन्सेईंनी चष्मा पुसला. (या माणसानं त्या कोर्समध्ये जितका चष्मा पुसला तितका जन्मात पुसला नसेल.) नरेंद्र जपानीत काहीतरी पुटपुटला. सुचेता सासूच्या कानात एकेक वाक्य मराठीत सांगत होती आणि एकही गाळत नव्हती.

"आई, हे म्हणतायत, तुम्ही नुसत्या बघायला आलात."

तेवढ्यात साकाइ-सान काठी आपटत उठल्या.

"त्या म्हणतायत, नरेंद्र-सान याच. दहा शनिवार माझ्या शेजारी बसल्यात. हा सूटवाला कोण?"

 मत्सुई-साननी एक सोरोबान उचललं आणि अगदी अदबीनं दोन्ही हातांनी नरेंद्रपुढे धरलं. सेन्सेईंनी फळ्यावर तीन-तीन आकडी सात रकमांची बेरीज मांडली. नरेंद्रनं सोरोबान आधी उलटं धरलं, मग सुलटं धरलं, मग खिशातून कॅल्क्युलेटर काढला. तो चालू होईपर्यंत बाई फळ्यापाशी जाऊन उत्तर लिहून आल्या होत्या आणि जाता जाता त्यांनी पोराचा वाकडा टायही सरळ केला.

मग मात्र नरेंद्रनं कबूल केलं. सगळं, क्रिकेटसकट. साकाइ-सान काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाली गं?"

"म्हणाल्या, म्हणजे या सहासष्ट वर्षांच्या आहेत तर. मग फारच छान राहिल्यात."

सेन्सेईंनी नरेंद्रच्या नावाचा कागद बाजूला ठेवला, दौत-कुंचला मागवला, सुचेताला नाव विचारलं आणि तिथल्या तिथे दुसरा कागद लिहून लाल शिक्का मारला. प्रभावती उकिडवे. बाईंनी तो दोन्ही हातांत धरला. एवढं तोंड चालवणाऱ्या बाईंनी तेव्हा नाक दोनदा पुसलं.

सोमवारी मत्सुई-सान यांनी नरेंद्रला बोलावून घेतलं. तो राजीनामा खिशात घालूनच गेला. पण साहेब म्हणाले, "एकतीस तारखेला मशीन बंद पडली तर हिशोब कोण करणार, याची मला काळजी होती. तुमचा करार वाढवतोय." नरेंद्र कमरेतून असा काही वाकला की कपाळ टेबलाला लागलं. वर येऊन कागद वाचला. करार वाढला होता तो आईच्या व्हिसाची मुदत संपते त्या तारखेपर्यंत.

संध्याकाळी ऑफिसच्या फळ्यावर एकतीस डिसेंबरच्या ड्यूटीची यादी लागली. पहिली ओळ: मशीन बंद पडल्यास हिशोब, प्रभावती-सान. अगदी खाली, पाण्याच्या बाटल्या आणि मेणबत्त्यांच्या नंतर: प्रभावती-सानना आणणे, पोचवणे, डबा आणि गरम चहा, त्यांचा मुलगा.

मुलाचं नाव लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती.