परसातली भाजी आणि पहिल्या घासाचा मान

एका जंगलात कुठल्याही गोष्टीचा मान कुणाचा, ते आधी ठरायचं आणि मगच ती गोष्ट व्हायची. नीट बसा बाळांनो, चुळबुळ नको.

त्या जंगलात गोदूबाई सशीण राहायची. एकटी बाई, पदरात चिल्लीपिल्ली. त्या साली उन्हाने तिच्या परसातला मुळा करपला, गवारही गेली. पिल्लं सकाळपासून भूक भूक करत होती.

अशात न्हाणीच्या सांडपाण्यावर एक झाड तरारून आलेलं तिला दिसलं. रुंद कोवळी पानं, लालसर देठ. वासही बरा होता. पण झाड कोणतं, ते काही तिला ओळखता येईना.

"आई, खाऊ या ना!" पिल्लं म्हणाली.

"थांबा मेल्यांनो. विषबिष असलं म्हणजे? विचारून येते."

विचारलं आणि चुकलं. थोड्याच वेळात अख्खं जंगल तिच्या परसात जमलं.

अस्वल पाटलांनी लांबूनच पाहिलं. "चाकवत. शंभर टक्के चाकवत."

"डोळे तपासून घ्या, पाटील," कोल्हे अण्णा म्हणाले. "हा राजगिरा. मी यावर भाषण दिलंय."

हरणकाकूंनी मोबाईलवर फोटो काढून विचारलं. मोबाईल म्हणाला, ही बादली आहे.

गोदूबाईने भाजी चिरली, लसणाची फोडणी दिली आणि कढई मधोमध आणून ठेवली. "घ्या, पाटील. पहिला घास तुमचा."

आता गंमत ऐका. याच पाटलांनी आणि अण्णांनी जत्रेतल्या पहिल्या नारळाच्या मानासाठी एकमेकांची डोकी फोडली होती.

"छे छे, मान अण्णांचा," पाटील म्हणाले.

"तुमच्यापुढे मी कोण? शिवाय आज माझा उपास."

"आज कसला हो उपास?" काकूंनी विचारलं.

"कसला का असेना!"

शेवटी मंडळींचं एकमत झालं. त्या जंगलात असं पहिल्यांदाच घडलं. भाजी गोदूबाईची, तेव्हा मानही गोदूबाईचाच. तिला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि सगळे मागे सरकून उभे राहिले.

गोदूबाईच्या मनात आलं, मला काही झालं तर या लेकरांना कोण बघणार? पण लेकरांचे डोळे कढईवरून हलत नव्हते. तिने देवाचं नाव घेतलं आणि घास तोंडात टाकला.

भाजी फक्कड झाली होती. मंडळी टक लावून पाहत राहिली. बराच वेळ गेला, तरी गोदूबाई ठणठणीत.

मग पाटील घसा खाकरत पुढे आले. "तसा हा मान आमच्याच घराण्याचा."

"माझा उपास सुटला," अण्णा म्हणाले. काकूंनी पिशवीतून डबा काढला.

गोदूबाईने कढईकडे पाहिलं. पिल्लांकडे पाहिलं. आणि "अगं आई गं!" म्हणत पोट धरून आडवी झाली.

क्षणात परसात कुणी उरलं नाही. पिल्लं तेवढी रडायला लागली.

गोदूबाईने एक डोळा उघडला. "रडताय काय? ताटं घ्या."

कुंपणापलीकडे पाटलांची आणि अण्णांची कडाक्याची जुंपली होती. गोदूबाईच्या शोकसभेचं अध्यक्षपद कुणाचं, हे ठरत नव्हतं. इकडे गोदूबाईने पिल्लांना पोटभर वाढलं आणि कढईला लागलेलं स्वतः पुसून खाल्लं.

तात्पर्य : खोटं कधी बोलू नये, बाळांनो. मात्र भाजी चांगली झाली असेल आणि मोठी माणसं जमली असतील, तर आधी कळवळावं. खरं काय ते हात धुतल्यावर सांगावं.