विचारपूस झाल्याची नोंद

टाचणीला अठरा वर्षं पूर्ण झाली ती कार्यालयीन वेळेत. सकाळी दहाच्या टपालाने पत्र आलं: 'आपले संगोपन समाधानकारकरीत्या पूर्ण झाले आहे. कृपया पोच द्यावी.' तिने पोच दिली. शिवणकाम करणाऱ्या ज्या मावशीच्या घरी बालकल्याण खात्याने तिला सहा वर्षांपूर्वी सांभाळायला ठेवलं होतं, तिने मशीन थांबवलं, दाताने दोरा तोडला आणि विचारलं, "म्हणजे आजपासून तू माझी कोण?"

पत्रात त्याचा खुलासा नव्हता.

टाचणी हे नाव मावशीनेच ठेवलेलं. बारीक, टोकदार, आणि एकदा टोचली की कागद सुटू न देणारी. तिच्या हातात आता पशुवैद्यक महाविद्यालयाचं प्रवेशपत्र होतं. फी महिनाअखेरपर्यंत भरली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. मावशीने गावभराचे कपडे शिवले असते तरी ती फी निघाली नसती. म्हणून टाचणी निराधार विद्यार्थी साहाय्य योजनेच्या रांगेत उभी राहिली. खिडकी क्रमांक चार, अर्ज पानं अकरा.

"वडिलांचं नाव?" खिडकीमागच्या कारकुनाने विचारलं.

"माहीत नाही, काका."

"रकाना रिकामा चालत नाही."

"मग 'नाही' लिहू?"

"लिही. पण मग श्रीयुत नाही यांचा उत्पन्नाचा दाखला आण."

कारकून वाईट माणूस नव्हता. नियमाला तो आपल्या चष्म्यासारखा जपायचा. काढला की त्याला काही दिसत नसे. त्याने नियम नऊ वाचून दाखवला. योजना ज्याचं कोणी नाही त्याच्यासाठी. कोणी नाही हे नुसतं सांगून भागत नाही, ते दिसावं लागतं. म्हणून एकवीस दिवसांचा निरीक्षणकाळ. अर्जदाराने रोज येऊन 'काल माझी कोणीही विचारपूस केली नाही' असा जबाब द्यायचा, आणि त्यावर ओळखीच्या साक्षीदाराची सही आणायची.

"ओळखीचा माणूस विचारपूस करणारच ना?"

"म्हणून तर बहुतेक अर्ज इथेच निकाली निघतात," कारकून समाधानाने म्हणाला.

टाचणीने वसतिगृहात एक खाट घेतली आणि मावशीला बजावलं, "एकवीस दिवस मला काही विचारायचं नाही."

"आणि आजारी पडलीस तर?"

"तेव्हा तर मुळीच नाही."

साक्षीदाराचा प्रश्नही तिने सोडवला. रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाशी ती रोज नव्याने ओळख करून घ्यायची आणि सही होताच मोडायची.

मावशी रोज कार्यालयासमोरच्या फुटपाथवरून जायची. हातात पिशवी, पिशवीत तिने शिवलेला पांढरा कोट, महाविद्यालयात घालायचा. येताना पाहिलं नाही, जाताना पाहिलं नाही. कोट या हातातून त्या हातात गेला, लेकीच्या अंगावर काही चढला नाही. इतकं जीव ओतून न बघणं टाचणीने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

एकविसावा दिवस उजाडला. वीस जबाब टाचून झाले होते. कारकुनाने शेवटच्या जबाबावर मारायला शिक्का उचलला, सहज वर पाहिलं आणि रोजचा तो चेहरा बघून त्याच्या तोंडून निघून गेलं, "काय गं, चेहरा का असा उतरलाय? जेवलीस का?"

शिक्का हवेतच राहिला. आतल्या खोलीतून साहेब बाहेर आले.

"विचारपूस झाली?"

"झाली, साहेब." कारकून प्रामाणिक होता. त्याने स्वतःच नोंद केली: 'सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, खिडकी क्रमांक चार येथून, एकदा.'

"म्हणजे हिला कोणीतरी आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही आहात. तुमचा उत्पन्नाचा दाखला जोडा. हिची फी तुमच्याकडे."

"साहेब, मला तीन मुलं आहेत हो!"

"मग चौथीला जेवलीस का म्हणून विचारायचं कशाला?"

नियमांत यावरही उपाय होता: विचारपूस रद्द करण्याचा नमुना. कारकुनाने लिहून दिलं, 'सदर प्रश्न सवयीने विचारला. उत्तराशी माझा काही संबंध नव्हता.' एवढं लिहिताना त्याने दोनदा चष्मा पुसला. खाली अर्जदाराची ओळ होती: 'सदर प्रश्नाने मला बरे वाटले नाही.'

टाचणी त्या ओळीपाशी थांबली. 'श्रीयुत नाही'पाशी थांबली नव्हती, ती इथे थांबली.

"कर सही, बाळ," कारकून म्हणाला, आणि जीभ चावून त्याने दुरुस्ती केली, "अर्जदार, सही करावी."

तिने सही केली. अकरा पानांच्या अर्जाला जोडलेली ती पहिली खोटी सही.

आता एकच अट उरली होती. हे प्रकरण ज्याने ज्याने वाचलं, त्याने 'वाचून काही वाटले नाही' असा शेरा द्यायचा; एकाला जरी काही वाटलं, तरी अर्ज बाद. प्रकरण सात टेबलांवर फिरलं. सातही शेरे चहा थंड व्हायच्या आत मिळाले. तिथून ते तुमच्याकडे आलं आहे, आणि तुम्ही ते इथपर्यंत वाचलंही आहे.

फीची मुदत उद्या दुपारी संपते. तुम्हाला काही वाटलं असेल, तर उत्पन्नाचा दाखला घेऊन खिडकी क्रमांक चारवर या आणि तिची फी भरा. नसेल वाटलं, तर खाली सही करा. संकोच करू नका, त्यात तिचंच भलं आहे. समोरच्या फुटपाथवर मावशी कोटाची घडी घेऊन उभी आहे. ती तुमच्याकडे बघणार नाही. पेन खिडकीला दोरीने बांधलेलं आहे. दोरी चांगली लांब आहे. आजवर ती कोणालाही अपुरी पडलेली नाही.