कप्तानाची बदली

ओरेस्ट बाबियाकचे आपल्या भाडेकरूशी अत्यंत सलोख्याचे संबंध होते. फक्त त्या भाडेकरूला गावातून घालवून द्यावं, असं त्याचं ठाम मत होतं. भाडेकरू म्हणजे रिक निस्कानेन, हार्टवेल आऊल्स या आइस हॉकी संघाचा कप्तान. गेली सहा वर्षं तो बाबियाकांच्या तळघरातल्या दोन खोल्यांत राहत होता. ओरेस्टच्या दारातला बर्फ तो न सांगता उपसायचा, आणि ओरेस्टची बायको स्टेफा त्याला पोटच्या पोराला घालावी तशी आग्रहाने पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खाऊ घालायची. यातल्या कशालाच ओरेस्टची हरकत नव्हती. हरकत होती ती निस्कानेनच्या मागे सरकण्याला. समोरचा गडी काठीने रबरी चकती घेऊन अंगावर आला, की बचावपटूने बर्फावरून झपाझप उलट्या पावली सरकायचं असतं. निस्कानेन उलटा सरकायला लागला, की यार्डात मालगाडीचं शंटिंग सुरू झाल्यासारखं वाटायचं.

हे मत ओरेस्ट घरात बोलत नसे. ते तो दोरीनच्या कॉफीच्या दुकानात बोले, तेही घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला शोभेल अशा दणदणीत आवाजात. ऐकायला दोघे ठरलेले असत. आर्मां हा शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस. तो कप्तानाचा भक्त होता. निस्कानेन म्हणजे संघाचं काळीज आहे, असं तो म्हणायचा. आणि काळजाबद्दल आपली तक्रारच नाही, आपण पायांबद्दल बोलतोय, असं ओरेस्ट उत्तर द्यायचा. दुसरा वेंडेल. तो आयुष्यभर पिकांचा विमा विकत आला होता, त्यामुळे त्याचा कशावरच विश्वास उरला नव्हता. "बाद फेरीत जातात आठ संघ," तो शांतपणे सांगायचा, "आणि आपण नववे. गेल्या वर्षीही नववेच होतो. आता काळीज ठेवा नाहीतर पाय विकत आणा, आपली जागा वरूनच नेमून आलीये."

मार्च उजाडला आणि अदलाबदलीचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत संघांनी आपापसात काय खेळाडू द्यायचे-घ्यायचे ते द्यायचे-घ्यायचे. त्यानंतर पदरात उरेल त्यालाच घेऊन हंगाम काढायचा. गावात लग्नघरासारखी घालमेल होती. आणि नेमकं त्याच सकाळी रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, ऑफिसातली भट्टी बंद पडली. बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती. ऑफिसातून ओरेस्टला फोन गेला, तेव्हा त्याने हातातला डोनट तसाच खिशात घातला आणि तो निघाला.

तळघरात उतरून त्याने गरम हवा वर नेणाऱ्या पत्र्याच्या डक्टचं झाकण काढलं आणि आत डोकं घातलं. डक्ट थेट वर मॅनेजरच्या खोलीत जात होता. संघाचा मॅनेजर ग्लेन हॅस्लम फोनवर बोलत होता आणि त्याचा आवाज खाली इतका स्वच्छ येत होता, की जणू तो ओरेस्टच्या कानातच बसला आहे.

"अरे, म्हातारा झालाय तो," हॅस्लम म्हणत होता. "थंडीत गरम व्हायलाच अर्धा तास घेतो. पुढे जातो कसाबसा, पण मागे अजिबात येत नाही. सहा हंगाम ओढला मी त्याला. आता नको. तू घेऊन जा, आजच्या आज."

ओरेस्टच्या हातातला पाना गळून पडला. सहा हंगाम. मागे येत नाही. आणखी काय ऐकायचं राहिलं होतं? त्याने भट्टी कशीबशी पेटवली, अवजारं पेटीत कोंबली आणि गाडी थेट दोरीनच्या दुकानाकडे घेतली.

तिथे त्याने आर्मां आणि वेंडेलला जवळ बोलावलं आणि ही गोष्ट या टेबलाबाहेर जाता कामा नये असं बजावलं. ते ऐकताच शेजारच्या टेबलांवरचं चावणं थांबलं. ओरेस्टने बातमी सांगितली. आर्मांचा चेहरा पडला, पण शाळेची बस चालवलेली असल्यामुळे कोण कुठे उतरणार हे आधी विचारायची त्याला सवय होती. त्याने विचारलं, कुठे पाठवतायत? हे ओरेस्टने ऐकलं नव्हतं. पण अर्धी बातमी आणणाऱ्या माणसाला गावात काय किंमत? तेव्हा तो म्हणाला, "पूर्वेकडे."

"पूर्वेकडे म्हणजे थंडर बे," आर्मां म्हणाला. "त्याची बायकामुलं तिथेच तर आहेत." ओरेस्टने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, त्याने फक्त भुवया वर केल्या. बदल्यात काय मिळतंय, असं वेंडेलने विचारलं. एव्हाना ओरेस्टला थांबता येण्यासारखं राहिलं नव्हतं. दोन तरुण पोरं, तो म्हणाला. पायाने भक्कम.

कॉफी ओतायला आलेली दोरीन कप भरून वाहायला लागला तरी ओतत होती. तिचा भाचा गावच्या रेडिओवर होता.

घरी जाताना ओरेस्टने गाडीतला रेडिओ लावला, तर त्यावर हीच बातमी, ‘अत्यंत खात्रीलायक सूत्रां’च्या हवाल्याने. थंडर बे, दोन तरुण खेळाडू, सगळं जसंच्या तसं. ओरेस्टला धन्य वाटलं. त्याच्या मनात जो काही बारीकसा संशय होता तोही फिटला. रेडिओवालेही तेच म्हणतायत, म्हणजे आपण म्हणालो ते अगदी खरं होतं.

स्वयंपाकघरात स्टेफा पेरोगी वळत होती. टेबल भरलं होतं, इस्त्रीची फळी भरली होती, आणि आता ती खुर्च्यांवर फडकी पसरत होती. तिचे डोळे सुजले होते. पोराला वाटेत खायला बांधून देते, एवढंच ती म्हणाली. मग लाटण्याने पिठावर एक जोरदार फटका मारून पुढे म्हणाली, "त्याच्या मागे हात धुऊन कोण लागलं होतं, ते कळू दे फक्त मला." ओरेस्टने कळायलाच पाहिजे असं म्हटलं आणि तो कोट काढायला विसरून तसाच उभा राहिला.

तेवढ्यात निस्कानेन सरावाहून आला. हा दांडगा माणूस दारात उभा राहून लहान पोरासारखा रडत होता. सहा वर्षं ओरेस्ट या माणसाच्या पायांना शिव्या घालत आला होता, पण त्यांच्या वर एक तोंडही आहे आणि ते असं दिसू शकतं, याचा त्याने कधी विचारच केला नव्हता.

"बस रे बाळा," स्टेफा म्हणाली.

"मिसेस बाबियाक, मी दुःखाने रडत नाहीये हो," निस्कानेन म्हणाला. त्याने नाक पुसलं. क्रिस्टाचा, त्याच्या बायकोचा फोन आला होता. बातमी थंडर बेमध्येही पोचली होती. पोरांनी मधल्या सुट्टीत शाळेतून घरी पळत येऊन बाबांच्या बुटांची जागा रिकामी केली होती. सहा वर्षं तो फोनवर पोरांना झोपवत होता. बदली मागावी असं शंभरदा मनात आलं, पण गाव इतकं जीव लावतं, मागणार कोणत्या तोंडाने? मग तो ओरेस्टकडे वळला. "तुम्ही दोरीनकडे माझ्याबद्दल काय बोलता ते मला माहितीये. चुकीचं नाहीये ते. नाहीच सरकता येत मला मागे."

स्टेफाने लाटणं हळूच टेबलावर ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. ओरेस्टने आयुष्यात पुष्कळ भट्ट्या पाहिल्या होत्या, पण अशी नजर नव्हती पाहिली. नेमका तेव्हा फोन वाजला म्हणून तो वाचला. रिंकवरची भट्टी पुन्हा विझली होती.

हॅस्लम कोट, टोपी, हातमोजे घालून आपल्याच टेबलाशी कुडकुडत बसला होता. ओरेस्टला पाहताच त्याने मन मोकळं केलं. आपण निस्कानेनला देऊन टाकतोय अशी कंडी कुठल्या तरी गाढवाने पिकवलीये, सकाळपासून लोक फोनवर रडतायत, एका म्हातारीने तर तुमचं वाटोळं होईल म्हणून सांगितलं.

"म्हणजे... देत नाही आहात?" ओरेस्टने विचारलं.

"देईन हो, पण घेणार कोण? तीन वर्षं विचारतोय मी लोकांना. सगळे विचारतात, मागे सरकतो का?"

ओरेस्ट समोरच्या खुर्चीत बसला. त्याच्या डोळ्यांसमोर थंडर बेमधली ती बुटांची रिकामी जागा आली. मग त्याने सगळं सांगून टाकलं: डक्ट, म्हातारा, सहा हंगाम, थंडीत गरम न होणं.

"मी माझ्या मेहुण्याशी बोलत होतो," हॅस्लम म्हणाला. "बर्फ उपसायच्या स्नोब्लोअरबद्दल. त्याचा रिव्हर्स गिअर गेलाय."

आता दोघांचेही दात वाजत होते. मग ओरेस्टने ज्या गोष्टीसाठी सहा वर्षं घसा फोडला होता, तीच आता हात जोडून मागितली. फुकट द्या, तो म्हणाला, वर काही घालून द्या, पण त्या पोराला त्याच्या घरी धाडा. त्याच्या घरी सगळ्यांना कळलंय. आणि माझ्याही घरी.

हॅस्लम उत्तर देणार एवढ्यात फोन वाजला. थंडर बेचा मॅनेजर होता. तिकडे म्हणे सकाळपासून तिकीट खिडकीपुढे लोक जमले होते. आपला निस्कानेन परत येतोय म्हणून कुणी बॅनरसुद्धा रंगवून आणला होता. आता त्याला आणला नाही तर लोक आपल्याला रिंकच्या छताला टांगतील, तेव्हा काय घेणार ते बोला, असं तो म्हणत होता. हॅस्लमने फोनवर हात ठेवला आणि ओरेस्टला विचारलं, "तुम्ही बदल्यात काय मिळणार म्हणून सांगितलं होतंत?"

"दोन तरुण पोरं," ओरेस्ट पुटपुटला. "पायाने भक्कम."

हॅस्लम फोनकडे वळला. त्याचा आवाज एकाएकी भरून आला. निस्कानेन हा आमच्या संघाचं काळीज आहे, तो म्हणाला, आणि काळीज असं कुणी काढून देत नसतं. पुढे बराच वेळ तो उसासे टाकत राहिला. फोन ठेवला तेव्हा कप्तान घरी निघाला होता आणि थंडर बेचे दोन तरुण बचावपटू हार्टवेलचे झाले होते.

ओरेस्टला हायसं वाटलं. तो भट्टीकडे जायला उठला, पण हॅस्लमने पुढे होऊन दार लावून घेतलं.

"बाबियाक," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तीन वाजायला अजून वेळ आहे. त्या डक्टमधून तुम्हाला थिबोदोबद्दल काही ऐकू आलं का हो?"

ल्युक थिबोदो हा आऊल्सचा गोलरक्षक. संघ शेवटून पहिला न येता नववा येतो तो केवळ या माणसामुळे, यावर आर्मां, वेंडेल आणि ओरेस्ट या तिघांचं आयुष्यात एकदाच एकमत झालेलं होतं. हॅस्लमने समजावलं की अशा गोलरक्षकासाठी आज चार जण येतील. पण आपण स्वतः फोन केला तर भाव पडतो, आणि लोकांनी आपणहून विचारलं तर चढतो. तेव्हा दोरीनकडे जाऊन जरासं...

"मी काही ऐकलं नाही," ओरेस्ट म्हणाला, "आणि ऐकणारही नाही." त्याने खाली जाऊन भट्टी पेटवली, या खेपेला नीट, आणि डक्टचं झाकण असं घट्ट बसवलं की ते उघडायला पुन्हा त्यालाच बोलवावं लागलं असतं.

घरी जायची अजून छाती नव्हती, म्हणून तो दोरीनकडे गेला. एक शब्द बोलायचा नाही, असं त्याने वाटेतच स्वतःला बजावलं होतं. दुकानात नुसता उत्सव चालला होता. ओरेस्टचा शब्द न् शब्द खरा ठरला होता! माणसं त्याची पाठ थोपटत होती, दोरीनने न मागता अ‍ॅपल-पायचा तुकडा आणून ठेवला. आर्मांने कबूल केलं की जे झालं ते बरंच झालं. ओरेस्ट काही बोलला नाही. वेंडेल म्हणाला की दोन पोरं आली तरी आपण नववेच. ओरेस्ट त्यावरही काही बोलला नाही. आता मात्र लोक त्याच्याकडे पाहायला लागले.

"पण थिबोदो आहे ना आपला," आर्मां म्हणाला. "तो आहे म्हटल्यावर यंदा बाद फेरी नक्की. काय, ओरेस्ट?"

ओरेस्टने मान खाली घातली आणि तो तुकडा खाऊ लागला. आर्मांने घाबरून पुन्हा विचारलं. ओरेस्टने आणखी मोठा घास घेतला. वेंडेलने हळूच डोक्यावरची टोपी काढली. दोरीन कॉफीचं भांडं हातात घेऊन तशीच उभी होती; तिने ते खाली ठेवलं, हात पुसले आणि आत फोनकडे गेली.

तुकडा संपायच्या आत दुकानातला फोन वाजला. दोरीनने तो घेतला, ऐकला आणि आदराने ओरेस्टपुढे धरला. हॅस्लम होता.

"नाही नाही म्हणत होतात ना," हॅस्लम म्हणाला. "चौघांचे फोन येऊन गेले. काय सांगितलंत तरी काय तुम्ही लोकांना?"

"काहीच नाही," ओरेस्ट रडवेल्या आवाजात म्हणाला.

"कमाल आहे तुमची," हॅस्लम म्हणाला. "पुढच्या हंगामात ऑफिसात कामाला येता का?"