स्थिर वस्तू: एक

जे मोजलं जातं तेवढंच जगात असतं. बाकी सगळे माणसाच्या मनाचे खेळ. ही साधी गोष्ट शहराच्या वाहतूक खात्याला उमगायला बरीच वर्षं गेली. तोवर खातं चौकात खुर्च्या टाकून माणसं बसवायचं. ती वहीत रेघा ओढायची, मध्येच चहाला जायची, आणि त्या वेळात शहरात एकही गाडी धावत नसे. (वही साक्षीला आहे.)

मग खात्याने खांबावर कॅमेरा चढवला आणि त्याच्यामागे ओपन सोर्स सॉफ्टवेअर लावलं. ओपन सोर्स म्हणजे गावची विहीर. जगातल्या कोणीही यावं, झाकण उघडून आत बघावं, कुठे चुकतंय ते सांगावं, हौस असेल तर स्वतःच दुरुस्त करावं. इतकी उदार वस्तू आजवर झाली नाही. पाणी सगळ्यांचं, गाळ तेवढा कोणाचाच नाही.

थोरलीला यातलं काही नको होतं. तिला फक्त रस्ता ओलांडायचा होता.

थोरली रस्त्याच्या अलीकडे राहते, तिची धाकटी बहीण पलीकडे. मध्ये चौतीस पावलं, आणि त्यांवरून अखंड धावणाऱ्या गाड्यांच्या सहा रांगा. धाकटी मोरीत घसरून मांडीचं हाड मोडून पडली होती. घरात दुसरं माणूस नाही, आणि थोरलीच्या हातचं सोडून ती कोणाचं खायची नाही. (लाड थोरलीनेच केलेले, तेव्हा बोलायची सोय नाही.) थोरली रोज नऊच्या ठोक्याला डबा घेऊन कडेला उभी राहायची, अर्धा तास गाड्यांमध्ये फट शोधायची, आणि शेवटी रिक्षात बसून, उड्डाणपुलाला वळसा घालून चौतीस पावलांचं अंतर चार किलोमीटरमध्ये कापायची. पोचेपर्यंत डबा गार, धाकटी गरम.

थोरलीने खात्याकडे पांढरे पट्टे आणि सिग्नल मागितला. जावई त्याच खात्यात मोजणी अधिकारी. अहवाल त्यानेच घरी आणून वाचून दाखवला:

पाहणीचे दिवस: सात.
वाहने: एक लाख एकोणनव्वद हजार तीनशे चौदा.
पायी ओलांडणारे: शून्य.
स्थिर वस्तू: एक (दररोज सकाळी नऊ ते साडेनऊ).
निष्कर्ष: ओलांडणारे नसल्यामुळे पट्ट्यांची आवश्यकता आढळून येत नाही.

"ही स्थिर वस्तू कोण?" थोरलीने विचारलं.

जावई चष्मा पुसू लागला. "आई, जे पाच मिनिटं हलत नाही, ते सॉफ्टवेअर खांबात आणि झाडात धरतं."

"म्हणजे मी खांब."

"तसं नाही हो..."

"मग झाड. आणि रिक्षात बसते तेव्हा?"

"तेव्हा तुम्ही वाहन. जाताना एक, येताना एक."

तर्क बिनतोड होता. थोरलीला ज्या दिवशी रस्ता ओलांडता येत नसे, त्या दिवशी वाहनं दोनाने वाढत, आणि पट्टे तेवढेच लांब जात. स्वतःच्याच विरुद्ध ती रोज दोनदा साक्ष देत होती.

"जावईबापू, तुमच्या सॉफ्टवेअरचं झाकण कोणीही उघडावं म्हणता ना? मग बसा. मी सांगते, तुम्ही लिहा."

थोरली चौथी नापास, पण नियम तिने तोंडपाठ सांगितला: "जो माणूस रस्त्याकडे तोंड करून उभा असतो, एक पाय पुढे टाकतो आणि मागे घेतो, त्याला पलीकडे जायचं असतं. हे कळायला शाळा लागत नाही."

जावयाने तो यंत्राच्या भाषेत लिहून पाठवला. जगभरच्या स्वयंसेवकांनी त्यावर सात आठवडे चर्चा केली. एकाने विचारलं, पाय डावा की उजवा? दुसऱ्याने विचारलं, नाचणाऱ्यांचं काय? अखेर नियम मंजूर झाला. (सध्या तो अकरा देशांत चालतो. हे शेजारणींना माहीत आहे. थोरली रोज माहीत करून देते.)

नवी मोजणी आली. ओलांडू इच्छिणारे: दररोज चारशे बारा. (बाकीचे थोरलीसारखे रोज ठोक्याला येत नसत, म्हणून आधी वस्तूतही धरले नव्हते.) थांबण्याचा सरासरी काळ: एकतीस मिनिटं.

थोरलीने लगेच फोन लावला. "सोमवारपासून गरम खाशील."

"मागेही सोमवारच म्हणाली होतीस."

"तोंड मीट आणि हाड जुळव."

सॉफ्टवेअरने मात्र घाई केली नाही, शांतपणे विचार केला. चारशे बारा माणसं एकाच जागी एकतीस मिनिटं थांबतात, त्या अर्थी ती जागा नागरिकांची अत्यंत लाडकी असली पाहिजे. शिफारस: बाक.

बाक तीन दिवसांत बसला. (खात्याच्या इतिहासात इतकं चपळ काम दुसरं नाही.)

"आई, निष्कर्ष काढायचा भागही उघडाच आहे," जावई म्हणाला. "दुरुस्ती सुचवता येईल."

"किती आठवडे?"

जावयाने पुन्हा चष्मा काढला.

एवढ्यात धाकटीचं हाड जुळलं. काठी टेकत ती खाली उतरली आणि पलीकडच्या कडेला येऊन उभी राहिली. एक पाय पुढे टाकला, मागे घेतला. नियम चोख चालला. चौथ्या दिवशी तिच्याही बाजूला बाक आला.

आता दोघी रोज सकाळी समोरासमोर बसतात. रिक्षावाले थांबत नाहीत. बाकावरच्या माणसाला कुठे जायचं नसतं, हे त्यांनाही कळून चुकलंय.

"खाल्लंस का गं?" थोरली ओरडते.

"काय?" धाकटी ओरडते.

मग थोरली गरम डबा उघडते आणि दोघींच्या वाटणीचं एकटीच खाते.

रस्ता तुमच्या ओळखीचा आहे. रोज त्यानेच जाता. परवा गाडीची काच खाली न करता तुम्ही शेजारच्या माणसाला म्हणालातही, "बघ, या वयात किती निवांत बसल्यात बायका!" वेग कमी केला नाहीत, त्यामुळे कॅमेऱ्यात वाहन म्हणून तुमची नोंद अगदी स्वच्छ आली.