कोचमा लागना

पुष्पाबाईंनी सबंध गोडादऱ्यात सांगितलं ते एकच वाक्य, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. "मना योगराज आते कोचमा लागना."

खानदेशातून सुरतेत आलेल्या माणसाला नोकरी मिळत नाही, तो कशात तरी 'लागतो'. कोणी मिलमा लागतो, कोणी पलीकडं सचिन गावात केमिकलमा लागतो. मग पुष्पाबाईंचा मुलगा कोच झाला, तर तो कोचमाच लागणार. त्या एका 'मा'नं, म्हणजे 'मध्ये'नं, पुढं काय केलं, ते कळायला महिना गेला.

योगराज म्हणजे सहा फूट चार इंच. हजिऱ्याच्या एका कंपनीच्या टीममधून नऊ-दहा वर्षं पगारावर बास्केटबॉल खेळला. घरात हा पगार कशाचा, ते कोणालाच कधी नीट कळलं नाही. पुष्पाबाई एकदा मॅच बघायला गेल्या होत्या. मध्यंतरात त्यांनी पंचाला बोलावून सांगितलं, "भाऊ, जाळीले बूड नही. सुईदोरा द्या, मी टाके मारी देस." नंतर योगराजचा गुडघा गेला, कंपनीनं हार घालून निरोप दिला, आणि तो गोडादऱ्याजवळच्या एका शाळेत कोच झाला. तोही कच्चाच. ट्रस्टी पहिल्याच दिवशी म्हणाले, "जुओ योगराजभाई, अखात्रीज सुधीमां पंदर छोकरां नहीं थाय, तो ग्राउंड मंडपवाळाने आपी दईशुं. लगनसरा छे."

म्हणजे आखाजीपर्यंत, अक्षय्य तृतीयेपर्यंत, पंधरा मुलं, नाहीतर रिंगच्या खाली नवरा-नवरी.

पहिल्या आठवड्यात तीन मुलं आली. त्यातलं एक पाणी प्यायला आलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मात्र चमत्कार झाला. लूमखात्यात काम करणारे दगाभाऊ आपल्या मुलीला, धनश्रीला, हाताला धरून घेऊन आले. पाठोपाठ उषाबाई सागरला घेऊन, किसन महेशला घेऊन. शुक्रवारपर्यंत मैदानावर पंधरा मुलं आणि कडेला त्यांचे तीसेक आईबाप. योगराजचे डोळे पाणावले. त्याला वाटलं, इतकी वर्षं खेळलो ते कोणीतरी बघत होतं म्हणायचं.

बघत कोणीच नव्हतं. आखाजी महिन्यावर आली होती, आणि आखाजीला सासुरवाशीण माहेरी गेलीच पाहिजे, लेकरं मामाकडं गेलीच पाहिजेत. सुरतेहून नंदुरबारकडं जाणाऱ्या गाडीत त्या आठवड्यात मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. अशा वेळी आपल्या गल्लीतला पोरगा कोचमध्ये लागला म्हटल्यावर त्याला धरून ठेवायला नको? त्याला पोरं खेळवायची हौस आहे ना, मग द्या पोरं!

"सर," दगाभाऊ चौथ्या दिवशी हळूच म्हणाले, "आमचं पक्कं ना?"

"धनश्रीचं? एकदम पक्कं. पहिल्या पाचात."

"पहिल्या पाचात!" दगाभाऊंनी वळून बायकोला बोटांनी पाच दाखवले. ती हरखली.

"आणि आमच्या महेशचं?" किसन पुढं सरकला.

"तो जरा वेटिंगवर आहे. दोघांच्या मागं."

"वेटिंग दोन? मग होऊन गेलं! दोन म्हणजे कन्फर्मच, सर."

योगराजला या माणसाचा आत्मविश्वास फार आवडला. मुलात नसला तरी बापात आहे.

उषाबाईंची काळजी वेगळी होती. "सर, सागरला कडेला बसवा हां. त्याला गरगरतं."

"ताई, मी कोणाला बसवायला घेतलेलं नाही. चांगला पोरगा पूर्ण चाळीस मिनिटं पायावर पाहिजे."

उषाबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. "चाळीस मिनिटं ना? म्हणजे बारडोली स्टेशनच आलं. राहील उभा. पुढं बसेल."

एवढं सगळं सुरळीत चाललं होतं. भांडण झालं ते फक्त डाव्या हातावरून. योगराज पोरांना डाव्या हातानं बॉल टाकायला शिकवायला लागला, तसे दगाभाऊ थेट मैदानात घुसले. "सर, तेवढं नको. पोरीची जात आहे. डाव्या हाताची सवय लागली तर उद्या सासरी नैवेद्य कोणत्या हातानं वाढेल?"

"अहो, दोन्ही हात चालले पाहिजेत. उजव्या बाजूनं कोणी अडवलं तर?"

"अडवू दे. आपण सरळमार्गी माणसं, उजव्यानंच टाकू."

सगळ्या आईबापांनी माना हलवल्या. योगराजनं डावा हात सोडून दिला. पंधराचे चौदा व्हायला नको होते. मग त्यानं उजव्याच हातावर पोरांना इतकं घासलं की धनश्री चालता चालता सुद्धा चुरगळलेले कागद रस्त्याकडेच्या डब्यात टाकायला लागली, आणि चुकेना.

आखाजीच्या दोन दिवस आधीची, नंदुरबारला तिथल्या एका टीमशी पहिली मॅच ठरली. योगराजनं जाहीर केलं, "परवा सकाळी सहा वाजता उधना स्टेशन. ज्यांची जागा पक्की झालीय, त्यांनी वेळेवर या. यंदा मी सगळ्या पंधरांना घेतलंय, वेटिंगवाले सुद्धा!"

टाळ्या इतका वेळ वाजल्या, की तो लाजला.

त्या दिवशी सकाळी पंधरा जनरल तिकिटं आणि नव्या जर्सींची पिशवी घेऊन योगराज आईबरोबर उधन्याला पोचला. प्लॅटफॉर्मवर निम्मं गोडादरा उभं होतं. ट्रंका, गोण्या, साड्यांची गाठोडी, एक शिलाई मशीन, एक कूलर. कूलरवर किसनची म्हातारी आई बसलेली. योगराजला भरूनच आलं. एका मॅचसाठी एवढी माणसं!

दगाभाऊंनी पुढं होऊन त्याच्या गळ्यात हार घालायचा प्रयत्न केला. हार छातीपर्यंतच पोचला. "तिकिटं आम्ही काढली हां सर, तुमच्यावर तो भार नाही. फक्त सीट. पण तुमचा काळा कोट कुठाय?"

"कोट? कशाला?"

"आता डब्यात विदाउट कोट चालतं? टीसीनं कोट घालायला पाहिजे ना."

"मी टीसी नाही, दगाभाऊ. मी कोच आहे."

"तेच म्हणतोय. कोणता? एस-थ्री का एस-फोर?"

योगराजला एका क्षणात महिनाभराचं सगळं कळलं. ते पहिले पाच, ते वेटिंग, ती बारडोली. प्लॅटफॉर्मवर असा सन्नाटा पसरला की कूलरवरची म्हातारी घाबरून उठली. सगळ्यांनी पुष्पाबाईंकडं बघितलं.

"मी काय खोटं सांगं?" पुष्पाबाई पदर खोचत म्हणाल्या. "कोचमा लागना म्हनीसन सांगं. शे ना कोच?"

"म्हणजे महिनाभर आमची पोरं नुसती उड्या मारत होती?" किसन ओरडला.

दगाभाऊंचा चेहरा लाल झाला होता. "धनश्री, काढ ते बूट. चल. नाव कमी करा, सर."

"आमच्या सागरचं पण," उषाबाई म्हणाल्या.

"महेशचं पण! वेटिंगवर तर वेटिंगवर, कॅन्सल!"

धनश्री बुटाची नाडी धरून तशीच बसली. "पप्पा, पण मी पहिल्या पाचात आहे," ती इतक्या बारीक आवाजात म्हणाली, की योगराजला गुडघा गेला त्या दिवसाची आठवण झाली. त्याच्या डोळ्यांसमोर मांडव उभा राहिला. रिंगला केळीचे खांब, खाली स्टेज.

तेवढ्यात रिकामी गाडी हळूहळू प्लॅटफॉर्मला लागायला लागली. माणसं पुढं लोटली. ज्याचा रुमाल खिडकीतून सीटवर पडेल त्याची सीट, हा या गाडीचा कायदा सगळ्यांना पाठ होता, आणि सगळ्यांचे रुमाल गजांवर आपटून खाली पडत होते.

योगराजनं शिट्टी फुंकली.

"पोरांनो! जर्सी घ्या. मुठीत वळून गोळा करा. ही पिवळी पट्टी म्हणजे फ्री थ्रोची रेष. पाय पुढं गेला तर फाऊल! खिडकी समोर येऊ द्या, मनगट सैल, आणि टाका!"

सुरती पॉलिस्टरच ते, मुठीत मावणारं. धनश्रीनं बूट न बांधताच पहिला गोळा सोडला. दोन गजांच्या मधून आत. महेशचा आत. सागरचा गजाला लागून आत. तो दोन्ही हात वर करून नाचला. बघता बघता पंधरा जर्सी जनरलच्या एकाच डब्यात पडल्या, आणि गोडादऱ्याचा लोंढा गोण्यांसकट मागोमाग चढला.

आत एक गृहस्थ दुसऱ्या दारानं घुसून बसला होता. रुमाल असता तर त्यानं उचलून फेकला असता. पण त्याच्या मांडीखालून निघाली भलामोठा नऊ छापलेली जर्सी. "जनरलमें भी नंबर आने लगा क्या?" तो म्हणाला.

"छापलंय ना त्यावर," उषाबाई म्हणाल्या. तो "सॉरी हां बहनजी" म्हणत उठला.

बारडोली गेली तेव्हा म्हाताऱ्या खिडकीशी होत्या, पोरं मांड्यांवर आणि वरच्या फळ्यांवर होती, शिलाई मशीनलासुद्धा जागा होती. फक्त योगराजला नव्हती. तो मान वाकवून पंख्याखाली उभा होता. दगाभाऊ गर्दीतून त्याच्याकडं सरकले.

"सर."

"बोला."

"नाव राहू द्या धनश्रीचं."

"बरं."

"आमचं पण," किसन आणि उषाबाई एकदमच म्हणाले.

दगाभाऊ आणखी जवळ सरकले आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "आणि दिवाळीपर्यंत ते डाव्या हाताचं पण घ्या जरा. परतीची गाडी उलट्या बाजूनं लागते."

पलीकडं पुष्पाबाईंशेजारी दोंडाईच्याची एक अनोळखी म्हातारी बसली होती. तिनं विचारलं, "तुना पोऱ्या काय करस व माय?"

पुष्पाबाईंनी क्षणभर विचार केला. पण खरं ते खरंच.

"कोचमा शे."

म्हातारीनं पंख्याला डोकं टेकून उभ्या असलेल्या त्या लांबलचक माणसाकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "हाऊ ना? दिखी ऱ्हायना," ती म्हणाली. "मंग त्याले सांग ना, पंखा चालू कर."

योगराजनं गळ्यातली शिट्टी काढली, जाळीतून घालून पातं ढकललं, आणि पंखा फिरायला लागला.