विजेला पाणी घालणारे जगनआप्पा

आमच्या आळीत सगळे सकाळी तुळशीला पाणी घालायचे; जगनआप्पा विजेला घालायचे. घरामागच्या भिंतीलगत त्यांनी पुरुषभर खड्डा खणून तांब्याचा पत्रा पुरला होता, वर कोळसा आणि खडेमीठ. पत्र्याला जोडलेली तार भिंतीवरून थेट घरातल्या बटणापर्यंत.

"हाई अर्थिंग शे," आप्पा सांगत. "करंट फुटना तं तो जमिनमा जाई. पन जमीन वल्ली पाहिजे."

नंदुरबारचा उन्हाळा, विहिरीने तळ दाखवलेला, आणि हा गृहस्थ घागरभर पाणी खड्ड्यात ओतायचा! बायका बोटं मोडायच्या. शेजारच्या म्हातारीला वाटलं, इथे देव निघाला. तिने कुंकू वाहून नारळ फोडला. आप्पा म्हणाले, "नारळ ऱ्हाऊ दे माय, मीठ आन."

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. कापसाच्या जिनमधल्या इंजिनावर गावातल्या मोजक्या घरांत नुकते दिवे आले होते. आता काय, बिघाड झाला की वीज आपली आपण तुटते, ओल्या हाताने पंखा लावला तरी कुणी ओरडत नाही. तेव्हा तारेवर कापडाचं वेष्टण, बटणाला पितळी टोपी, आणि वायरमनने जाताना सांगितलेला एकच नियम: "जपून."

आप्पांनी त्या एका शब्दाचं शास्त्र केलं. बटण दाबायचं तर पायाखाली लाकडी पाट, हाताला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, डावा हात पाठीमागे. एकदा व्याही आले, त्यांनाही आप्पांनी दिवा लावायच्या आधी पाटावर उभं केलं. बिचारे ओवाळण्याची वाट बघत राहिले!

हा सगळा उपद्व्याप बायकोसाठी, सोनाकाकूंसाठी. चिमणीच्या धुराने काकूंचे डोळे चुरचुरत, म्हणून तर आप्पांनी दिवा घेतला. आणि नव्याच्या नवलाईत काकूंनी भांडी घासता घासता ओल्या हाताने बटण दाबलं. पितळेने असा झटका दिला, की काकू थेट चुलीपाशी जाऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी तडक म्हसावदला, भावाकडे. अर्थिंग त्यानंतरचं.

"आते भ्याव नही. आते ती येई," असं आप्पा रोज पाणी ओतताना म्हणत. निरोपावर निरोप गेले. काकू काही येईनात.

शेवटी आप्पा मला घेऊन, तापी उतरून, म्हसावदला निघाले. सोबत पाट, ट्यूब आणि पुडीत नमुन्याचं मीठ. आम्ही बायको आणायला चाललोय की फेरीवर निघालोय, तेच मला कळेना.

ओसरीवर बसून आप्पांनी मेव्हण्याला अर्थिंग समजावलं. मेव्हणा केळी लावणारा माणूस. त्याने सगळं नीट ऐकून विचारलं, "इतलं पानी घाली ऱ्हायनात, तं उगीसन काय येई?"

तेवढ्यात दाराआडून काकू कडाडल्या. "लाईटना भ्याव कोनले शे? मी भुईवर पडेल व्हतू. तुम्ही पयत उनात, अन् पहिले काय इचारं? 'बल्ब गया का?'"

लढाईमुळे बल्ब मिळत नव्हते हे खरं, पण ते सांगायची माझी छाती झाली नाही. झालं, म्हटलं, कारभार आटोपला!

आप्पा खाली मान घालून बसले होते. मग हळूच म्हणाले, "तू हालत नव्हती, सोना. तुन्हाकडे देखानी मन्ही हिंमत नही झाई. म्हनीसन बल्बकडे देखं. जे तोंडमा उनं ते इचारं. तू म्हनी 'नही गया', तवय मन्हा जीवमा जीव उना."

काकू उंबऱ्यात आल्या. डोळ्यांना धार लागलेली. इथे तर चिमणीही पेटलेली नव्हती.

"हाई तवयच सांगतात तं?"

"सांगू कोनले?" आप्पा म्हणाले. "घरमा कोनीच नव्हतं."

काकू आत गेल्या, आणि गाठोडं घेऊनच बाहेर आल्या.