फ्रँकली म्हटल्यावर

दोन महिने झाले, चारुवहिनी कुणावर रागावली नव्हती. म्हणून एका सोमवारी संभाजीने तिला रागवायला लावायचं ठरवलं.

उमाकांतदादाला जाऊनही दोनच महिने झाले होते. कराड सोडून परमुलखात आलेला दादा इथे झालाना भागातल्या विम्याच्या ऑफिसात साहेब होता. तिथल्या ट्रेनिंगमधून त्याने एकदा ‘फ्रँकली’ हा शब्द घरी आणला. संभाजीला (शिक्षण सातवी, तीही गुरुजींच्या कृपेने) त्याने समजावलं, “हा शब्द आधी म्हणायचा, मग मनातलं खरं बोलायचं. ऐकणाऱ्याने फुगायचं नाही.” घरात तसा नियमच झाला. फायदा घेतला तो एकट्या वहिनीने. “फ्रँकली, संभ्या, तुझ्या मोज्यांच्या वासाने शेजारी घर बदलतील!” असं दिवसातून चारदा तरी व्हायचं.

दादा गेला आणि संभ्याचे ‘भावजी’ झाले. वहिनी हळू बोलू लागली, सगळ्याला बरं म्हणू लागली. ती स्वयंपाकाला उठेना, म्हणून जवळच्या बगरू गावात दिवसभर कापडावर नक्षीचे ठसे मारून आला की संभाजीच गॅसपाशी उभा राहायचा.

“वहिनी, फ्रँकली सांगा, कसं झालंय?”

“छान झालंय, भावजी.”

पिठल्यात त्याने मीठच घातलं नव्हतं. मंगळवारी त्याने ते दुप्पट घातलं. छान. बुधवारी मुद्दाम साखर घातली. तेही छान! संभाजी घाबरला. (भाऊ त्याचाही गेला होता. पण गोड पिठल्याला छान म्हणणारी वहिनी त्याला बघवेना.)

रविवारी दादाच्या ऑफिसातले सुधाकरराव चौकशीला आले. संभाजीने त्यांना हट्टाने जेवायला बसवलं. बेत बाट्यांचा होता. सुधाकररावांनी बाटी आधी दाताने फोडून पाहिली, मग मुठीने, शेवटी वाटीच्या बुडाने. बाटी उडाली ती थेट टीव्हीखाली.

“कशा झाल्यात?”

“फ्रँकली सांगतो,” सुधाकरराव गाल चोळत म्हणाले, “उत्तम!”

वहिनीने ताट सरकवलं.

“सुधाकरराव, या घरात फ्रँकली म्हटल्यावर खोटं बोलायचं नाही. ह्यांनी घातलेला नियम आहे.” मग ती वळली. “आणि संभ्या! ही बाटी आहे का वरवंटा? पिठल्यात साखर घालायला कुठल्या मेल्याने शिकवलं तुला? ती कढई बघ! तो ओटा बघ! स्वतःचा अवतार बघ एकदा!”

पंधरा मिनिटं हे चाललं. मधे तिला रडू फुटलं. तोंड पुसून तिने उरलेलं पुरं केलं. मग उठून खिचडी टाकली आणि स्वतःही दोनदा वाढून घेतली.

संभाजी गच्चीवर धावला. कराडला फोन लावला.

“आई, वहिनी बोलली! मला बोलली!”

“काय बोलली रं?”

त्याने सगळं सांगितलं, काही न गाळता: मठ्ठ, गबाळा, हाताला चव नाही, डोक्यात उजेड नाही, लग्न जमायची आशा नाही.

पलीकडे आईने बराच वेळ नाक ओढलं.

“बाई सावरली म्हणायची,” ती म्हणाली. “एक शब्द चुकीचा नाही बोलली.”